गाळलेलं पाणी

"सूर्य किती वाजता मावळतो तिकडं?" आईने विचारलं.

ती स्वयंपाकघरात पितळी घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड धरून पाणी गाळत होती. आमच्या घरात न गाळलेलं पाणी कधी कोणी प्यालं नाही. उद्या ती शर्यत बघायला येणार होती, आणि परमुलखात जाऊन परक्याचं पाणी पिण्यापेक्षा सोबत कॅन नेलेला बरा, असं तिचं म्हणणं होतं. परमुलूख म्हणजे कोल्हापूर. जयसिंगपुराहून मोटारीने फार तर तासाभराचा रस्ता.

"इथं मावळतो तेव्हाच," मी म्हणालो.

"नीट सांग."

"सहाच्या आसपास."

"आणि तुझं कधी आटपणार?"

मी बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा ओवत राहिलो. खाटेवर बसलेले दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान सुदर्शन, हातातली पेरूची फोड संपवत म्हणाले, "मामी, हे काय गावजत्रेतलं पळणं आहे होय? पहाटे तळ्यात उडी, चार किलोमीटर पोहायचं. वर आलं की सायकल, एकशे ऐंशी. तिथनं उतरलं की बेचाळीस पळायचं. आमचे मेव्हणे आठ वाजता दिसले तरी मी नारळ फोडीन."

"रात्री आठ?"

"मग काय सकाळी?"

आईने कापड पिळलं. कापडात अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत सोडायचे, असा जुना रिवाज. आता नळाचं पाणी असलं, तरी ती कापड परसातल्या हौदात झटकून यायची. तशी झटकून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाहीस," ती म्हणाली. "पाणीसुद्धा नाही. हे कबूल असेल तर जा. नसेल तर माझं नाव सांगून जाऊ नकोस."

रात्री न जेवण्याचा नियम मी लहानपणी, गावात चातुर्मासाला आलेल्या जैन महाराजांसमोर श्रीफळ ठेवून घेतला होता. आईचा नियम त्याहून कडक होता. तिने लग्नानंतर लगेच रात्रीच्या चारी आहारांचा त्याग केला होता. अन्न नाही, पाणी नाही, औषधाचा घोटही नाही. न्यूमोनियाच्या तापातही तिने तो मोडला नव्हता. मी मात्र शिक्षणाच्या निमित्ताने बाहेर राहिलो आणि माझा नियम पातळ होत गेला, हे तिला माहीत होतं. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

"कबूल," मी म्हणालो.

दाजींनी पेरू चावायचा थांबवला. "अहो, तेवढ्या पळण्यात दोन तास पाणी नाही म्हणजे माणूस—"

"सगळं गणित केलंय मी," मी म्हणालो.

खरोखरच केलं होतं. दिवस मावळायच्या आत किती प्यायचं, किती खायचं आणि शेवटचा टप्पा त्या साठ्यावर कसा काढायचा, याचा मी महिनाभर सराव केला होता. माझ्याबरोबर सराव करणारे लोक हसायचे. मला ते हसणं आवडायचं, हेही खरं. त्यांच्यापैकी कोणालाच जमणार नाही असं काहीतरी मी करणार होतो.

आणि मला ते पूर्ण करायचं होतं. माझ्या वडिलांनी मला आयुष्यभर एकच नाव ठेवलं होतं : अर्धवट. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं, तेव्हा ते म्हणाले, अर्धवट. त्यांच्या शेंगदाण्याच्या अडतीवर बसलो आणि दोन हंगामांत उठलो, तेव्हा पुन्हा तेच. लग्न ठरून मोडलं, तेव्हा नुसतं माझ्याकडे बघितलं. ते गेले, तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि घरी शिकवण्या घेत होतो. त्यांच्यानंतर तो शब्द घरात कोणी उच्चारला नाही. पण मी पहाटे कृष्णेत पोहायला जायला लागलो, तेव्हा माझ्या आधी उठून आई दिवा लावायची. दारापर्यंत यायची आणि एवढंच म्हणायची, "ह्या खेपेला धरून राहा."

"एक लक्षात ठेवा," मी दोघांना बजावलं. "वाटेत माझ्या हातात काही द्यायचं नाही. बाहेरच्या माणसाची मदत घेतली की बाद करतात. पाणी, केळं, काही नाही. त्यांचे स्टॉल असतात, तिथलंच घ्यायचं."

"हार घातला तर?" दाजींनी विचारलं.

"हारसुद्धा नाही."

"पाठीवर थाप?"

"दाजी."

"बरं बाबा. लांबनं हात हलवतो. तेवढं तरी चालतं का बघ, नाहीतर खिशात घालून उभा राहतो."

आई हसली नाही. ती ऐकत होती. मग तिने एका बाटलीत गाळून उकळलेलं पाणी भरलं, त्यात चिमूटभर मीठ घातलं, मूठभर साखर घातली.

"हे कशाला? आत्ताच सांगितलं ना?"

"असू दे. तुझ्यासाठी नाही. कुणालाही लागतं."

*

कोल्हापूरच्या दक्षिणेला एक जुना तलाव आहे. तिथे त्या सकाळी आम्ही दीडशेएक जण कमरेपर्यंत पाण्यात उभे होतो. नोव्हेंबरचं पाणी हाडांत शिरत होतं. भोंगा वाजला आणि पुढचे कितीतरी तास माझ्या आठवणीत तुकड्यातुकड्यांनी उरले आहेत. कुणाचा तरी पाय माझ्या तोंडावर बसला. सायकलच्या रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्या होत्या, आणि एका ट्रॉलीवरचा माणूस ओरडला, "अहो मास्तर, एवढ्या घाईनं कुठं?" दुपारी डांबर तापलं. एका चढावर मी सायकलवरून उतरलो आणि पुन्हा बसलो. उतरणं आणि पुन्हा बसणं यांच्यामध्ये जे अंतर होतं, त्यात माझे वडील उभे होते.

पळायला लागलो, तेव्हा ऊन कलतं होतं. तलावाभोवतीच्या रस्त्याला फेऱ्या मारायच्या होत्या. पंपहाउसच्या वळणावर दाजींची गाडी उभी होती. तिच्या बॉनेटला टेकून दाजी, आणि शेजारच्या कट्ट्यावर पदर नीट आवरून बसलेली आई. पहिल्या फेरीला दाजींनी दोन्ही हात हलवले. आईने नुसतं बघितलं. दुसऱ्या फेरीला ती उभी राहिली होती.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा मी स्टॉलवर थांबून पोटाला तडस लागेपर्यंत पाणी प्यालो, दोन केळी खाल्ली. तिथला कार्यकर्ता म्हणाला, "सावकाश हो. पुढच्या फेरीला पुन्हा मिळणारच आहे."

"पुढच्या फेरीला नको," मी म्हणालो.

पुढची फेरी झाली. त्याने कप पुढे केला. मी हात जोडले. त्याच्या पुढच्या फेरीला त्याने कप पुढे करून काही क्षण धरूनच ठेवला. "साहेब, उपास आहे का काय?" त्याने विचारलं. मला हसायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती.

शेवटच्या फेरीत, अंधार पडल्यावर, पंपहाउसच्या वळणाच्या अलीकडे माझ्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. मी थांबलो नाही, पाय थांबले. गुडघ्यांवर आपटलो, मग कुशीवर. रस्त्याकडेची खडी गालाला लागली. उठायचा प्रयत्न केला, तर मांडीतही गोळा आला आणि तोंडातून जो आवाज निघाला, तो माझा होता हे मला नंतर समजलं. स्टॉल मागे राहिला होता, पुढचा दिसत नव्हता.

पावलं वाजली. टॉर्चचा उजेड तोंडावर पडला.

"मामी, थांबा. मामी, हात लावायचा नाही त्याला, बाद करतील." दाजी धापा टाकत होते. "कुणाला तरी बोलावतो मी. त्यांच्याच माणसाला बोलावतो."

आई माझ्या डोक्याशी खडीत बसली. तिने बाटलीचं झाकण काढलं.

"पी."

"आई, सूर्य मावळलाय."

"डोळे फुटले नाहीत माझे. पी."

"नियम—"

"माझ्यापाशी कबूल केलंस ना? मग मीच सांगते. पी."

"मामी, अहो, त्यांच्या नियमातसुद्धा बसत नाही—"

"तुम्ही गप्प बसा, सुदर्शनराव."

जावयाशी ती अशी कधीच बोलली नव्हती. तिने माझ्या मानेखाली हात घातला, डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली ओठांना लावली. पाणी हनुवटीवरून सांडलं, तर पदराने पुसून तिने पुन्हा लावली. मी प्यालो. साखरेची चव आणि मिठाची चव. मी बाटली संपवली.

पोटऱ्या सैल होत होत्या, तेवढ्यात मोटारसायकलचा दिवा वळणावरून आला आणि आमच्यावर स्थिर झाला. पंच उतरले. वैशंपायन म्हणून पुण्याचे गृहस्थ होते, साठीच्या पुढचे. सकाळी नियम समजावून सांगताना त्यांनी आम्हाला दोन वेळा विनोद सांगितले होते. आता त्यांनी रिकाम्या बाटलीकडे बघितलं, माझ्या छातीवरच्या क्रमांकाकडे बघितलं.

"हे पाणी कुणी दिलं?"

"मी," आई म्हणाली.

"आपण कोण यांच्या?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आई उठून उभी राहिली. साडीला लागलेली खडी तिने झटकली.

"कोण म्हणजे? कोणी नाही. फिरायला आलो होतो आम्ही. रस्त्यात माणूस पडलेला दिसला, पाणी पाजलं. पाजू नको होय?"

दाजींचा टॉर्च खाली झाला. आई खोटं बोलते, हे आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. दारावर वर्गणीवाले आले आणि वडील आत असले, तर 'घरात नाहीत म्हणून सांग' असं ते तिला कधी म्हणत नसत, बहिणीला म्हणत. आईला सांगून उपयोग नसायचा.

"ओळखत नाही यांना?" वैशंपायनांनी पुन्हा विचारलं.

"कुठनं ओळखणार? एवढी पोरं पळतायत."

वैशंपायन माझ्याजवळ वाकले. "उठता येतंय? पाय टाकून बघा. हां. हे पाहा, वाटसरूनं पडलेल्या माणसाला पाणी पाजलं, तर मी इशारा देऊन सोडतो. तेवढी माणुसकी आमच्या पुस्तकात आहे. पण घरची माणसं वाटेत उभी केली असतील, तर बाद करावं लागतं. सगळ्यांना तोच नियम. आत्ता बोलू नका. आधी पळा. शेवटच्या रेषेवर मी तुम्हाला एकदाच विचारीन."

मी निघालो. मागे वळून बघितलं, तेव्हा आई माझ्याकडे पाठ करून उभी होती.

*

पुढच्या स्टॉलवर त्या कार्यकर्त्याच्या जोडीदाराने कप पुढे केला. आता घ्यायला हरकत नव्हती. मी घेतला नाही. घशात अजून साखर होती.

शेवटच्या वळणावर ढोल ऐकू आला. कमानीवर दिव्यांच्या माळा होत्या, आणि ध्वनिक्षेपकावर एक मुलगी माझं नाव घेत होती, "जयसिंगपूरचे भरतेश मगदूम, पहिलीच शर्यत, टाळ्या!" मी रेषा ओलांडली. कोणीतरी पदक गळ्यात घातलं, कोणीतरी खांद्यावर चादर टाकली. पदक छातीवर थंड लागलं. मी ते मुठीत धरलं. मनात पहिला शब्द आला तो 'पूर्ण'. दुसरा काहीच आला नाही.

मग मी तिला शोधलं. दोरीच्या पलीकडे माणसांची गर्दी होती. दाजी एका टोकाला उभे होते. आई त्यांच्यापासून लांब, भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बाईच्या गाड्याजवळ, एकटी. दाजींनी मला बघून हात वर केला, तशी तिने दुरूनच मान हलवली आणि त्यांनी तो खाली घेतला. ती माझ्याकडे बघत नव्हती. कमानीवरच्या दिव्यांकडे बघत होती, जत्रेला आलेली कोणी परकी बाई बघते तशी. पण तिचे दोन्ही हात पदराखाली छातीशी घट्ट धरलेले होते. आजूबाजूच्या आया आपल्या पोरांना कवटाळत होत्या, एक जण तर मुलाचे बूट सोडत होती. माझी आई कोणाचीच कोणी नव्हती.

"मगदूम," वैशंपायन शेजारी येऊन उभे होते. आवाज त्यांनी मुद्दाम हलका ठेवला होता. "अभिनंदन. आता सांगा. त्या बाई तुमच्या ओळखीच्या होत्या?"

मी तिच्याकडे बघत होतो.

"विचार करून सांगा," ते म्हणाले. "त्यांनी नाही म्हणून सांगितलं आहे. मला तेवढं पुरे आहे. तुम्ही फक्त होय किंवा नाही म्हणा."

"माझी आई आहे ती," मी म्हणालो.

"नक्की?"

"ती तिथं उभी आहे. ती माझी आई आहे."

त्यांनी सुस्कारा टाकला. "पदक परत द्यावं लागेल," ते म्हणाले. मी ते स्वतःच काढून त्यांच्या हातात ठेवलं. ते जड आहे, हे मला देताना कळलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार थोडे लोक असं सांगतात." मला ते बरं वाटलं. मी दोरीखालून वाकून गेलो. शेंगांच्या गाड्यापाशी जाऊन सगळ्यांच्या देखत तिच्या पायांना हात लावला.

"चल, आई. सांगितलं मी त्यांना."

"काय सांगितलंस?"

"तू माझी आई आहेस म्हणून."

तिने माझ्या गळ्याकडे बघितलं. मग कमानीकडे. नंतर ती गाडीच्या दिशेने चालू लागली.

परतीच्या वाटेवर दाजी एकटेच बोलत होते. "काही म्हणा, पळला तर सगळं. कागदावर नसेना का. आम्ही बघितलं की. मामी, बघितलं का नाही आपण?" आई खिडकीबाहेर बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस्तीत, आमच्या मंदिरात, गेली. त्या वेळी तिथे एक आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, मुक्कामाला होत्या. दुपारी परत आली, ताट वाढून घेतलं. तिच्या पानातल्या आमटीत तिने मीठ घातलं नव्हतं. गुळाचा डबा तिने फळीवर मागे सरकवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"प्रायश्चित्त घेतलं. मीठ सोडलं, गोड सोडलं."

"किती दिवस?"

"दिवस कशाला मोजायचे? सोडलं म्हणजे सोडलं."

"एका घोटासाठी? आई, माझा जीव जात होता. त्याला कोणी पाप म्हणेल?"

"एक घोटाचं. एक खोट्याचं." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "माताजी म्हणाल्या, महिनाभर पुरे. मीच म्हटलं, जन्मभर."

मी तिच्यासमोर पाटावर बसलो. "खोट्याचं तरी मी निस्तरलं. तुझं खोटं उभं राहू दिलं नाही मी. तू तिथं परक्यासारखी उभी होतीस, ते मला बघवेना. पदकासाठी मी तुला कोणी नाही म्हणायला हवं होतं?"

"तू कुठं म्हणणार होतास? म्हटलं मी होतं."

"पण मला—"

"तुला फक्त मान हलवायची होती." ती शांतपणे बोलत होती. वडिलांचा आवाज चढायचा. तिचा नाही. "तुझा बाप मरेपर्यंत तुला एका नावानं हाक मारत राहिला. मी ऐकत राहिले. मनात म्हटलं, एकदा, एकच काहीतरी ह्याच्या हातून पुरं होऊ दे. मग कुणी काही म्हणू दे. त्या पंपापाशी तू पडलास, तेव्हा मी उभ्या उभ्या हिशेब केला. नियम जाऊ दे. खरं बोलणं जाऊ दे. माझं काय, मी उतारवयाची. पण ह्याचं पुरं होऊ दे. दोन पापं केली रे मी तुझ्यासाठी. जाणूनबुजून केली. आणि तू काय केलंस? चार लोकांत चांगला ठरायला गेलास आणि दोन्ही वाया घालवलीस."

बाहेर शिकवणीच्या पोरी सायकली लावत होत्या. एकीने घंटी वाजवली.

"पुढच्या वर्षी पुन्हा उतरतो," मी म्हणालो. "पूर्ण करून दाखवतो."

"उतर," ती म्हणाली. "पण ते तुझं. माझं त्या रात्रीचं होतं."

मी पुढच्या वर्षी उतरलो. दिवस मावळल्यावर पाणी प्यालो, वेळेत पोहोचलो, पदक मिळालं. ते आणून देवघराशेजारी ठेवलं. आईने ते पुसून कपाटात ठेवलं, जपून, कापडात गुंडाळून. वर्तमानपत्रात फोटो आला, दाजींनी पेढे वाटले. पेढ्यांचं ताट तिच्यासमोर आलं, तेव्हा तिने हात जोडले.

आता तिचं वय झालं आहे. तरी स्वयंपाक ती कोणाला करू देत नाही. आधी स्वतःपुरतं अळणी काढून घेते, मग बाकीच्यात मीठ घालते. चव बघता येत नाही, तेव्हा अंदाजाने. अलीकडे विसरते. काल तिने मला वाढलं, समोर बसली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "मीठ बरोबर आहे का रे?"

आमटीत मीठ नव्हतंच.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि जेवत राहिलो.